ओटीतले बेदाणे

मॅडम, तुम्ही खोटं बोललात.

परवाच्या कार्यक्रमात गळ्यात हार, पुढ्यात माईक, मागं तुमच्याच फोटोचा मोठा पडदा, आणि समोर बसलेल्या गावोगावच्या बायकांना तुम्ही सांगितलंत की बेदाण्याच्या शेडवरची एक बाई अडाणीपणानं मेली. "तिला सगळं समजावून सांगितलं होतं," म्हणालात. "पण ऐकायचंच नाही म्हटल्यावर आपण काय करणार?" बायकांनी चुकचुक केली. तुम्ही पाण्याचा घोट घेतलात आणि पुढच्या मुद्द्यावर गेलात.

तिचं नाव तुम्हाला आठवलं नाही. कस्तुरा. माझ्या भावाची, दिनकरची बायको. तुम्ही तिला जे समजावून सांगितलंत ते सांगत होतात तेव्हा मी तिच्या मांडीला मांडी लावून बसले होते. म्हणून हे लिहितेय. मी चौथीपर्यंत शाळेत गेले. पुढचं वाचायला शिकले ते बेदाण्याच्या पेट्यांवरची छपाई आणि पुडीचे कागद वाचून. त्यामुळं माझी भाषा तुमच्या भाषणासारखी गुळगुळीत लागायची नाही.

त्या वर्षी चैत्र संपत आला होता. पत्र्याच्या शेडमध्ये भट्टीसारखं तापायचं. मधोमध बेदाण्याची रास, दोन्ही अंगांनी आम्ही बायका. काडी वेगळी, खडा वेगळा, काळा दाणा वेगळा. पलीकडच्या बंद खोलीत माल पिवळाधमक दिसावा म्हणून गंधकाची धुरी द्यायचे. दार उघडलं की तो वास शेडभर यायचा आणि डोळ्यांतून पाणी काढायचा. आमच्या सगळ्यांच्या तोंडाला फडकी बांधलेली. सकाळी आलं की मुकादमीण तानूआक्का स्वतःच्या हातानं मागनं गाठ मारायची. गाठ सुटायची ती भाकरी खाताना आणि घरी जाताना. बाहेर पडताना दारात पदर झटकून दाखवायचा.

त्या दिवशी तुम्ही, आरोग्य केंद्राच्या डॉक्टर मॅडम, पोटुशा बायांचं शिबिर घ्यायला आलात तेव्हा मालकांनी तुम्हाला फडकी दाखवली. "मॅडम, आमच्याकडं स्वच्छता बघा. मालावर श्वाससुद्धा पडू देत नाही."

"वा! हे सगळ्यांनी शिकण्यासारखं आहे," तुम्ही म्हणालात.

वहिनीनं मला कोपर मारलं. फडक्याच्या आतनं हळूच म्हणाली, "वन्सं, स्वच्छतेसाठी व्हय गं हे? मला वाटलं, आपली तोंडं बघवत न्हाईत मालकाला."

फडकं कशासाठी होतं ते शेडातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. तोंड बांधलं की दाणा आत जात नाही.

वहिनीला सातवा लागला होता. लग्नाला सहा वर्षं झाली होती, आधीची दोन पोटं अर्ध्यातच पडली होती. आई मेल्यापासून आमच्या घरात म्हातारं माणूस नव्हतं. माझ्या नवऱ्यानं मला टाकल्यावर मी भावाकडं परत आले, त्या दिवशी वहिनीनं दारात माझ्या हातातलं गाठोडं घेतलं आणि एवढंच म्हणाली, "आत या, भाकरी गार होतीय." त्याउप्पर तिनं मला कधी काही विचारलं नाही. मूल व्हावं म्हणून तिनं नवस केले नाहीत. पण तिसऱ्या महिन्यापासून तिनं जुन्या लुगड्याचं एक दुपटं शिवायला घेतलं होतं आणि त्याला मला हात लावू देत नव्हती.

तुमचं शिबिर राशीच्या बाजूलाच भरलं. सतरंजी टाकली, तुम्हाला खुर्ची आणली, पोटुशा बायांना पुढं बसवलं. ज्या पोटुशा नव्हत्या त्यांनीही हात थांबवून मागं बसायचं होतं; मी तेवढी वहिनीला सोबत म्हणून तिच्या शेजारी बसले. फोटोत गर्दी दिसायला पाहिजे होती. तुम्ही चित्रांचा तक्ता उलगडलात. पहिल्या चित्रात एक गोरी बाई, डोक्यावर पदर, तोंडावर हात.

"पहिले तीन महिने मळमळ होते," तुम्ही सांगायला लागलात. "घाबरायचं नाही. थोडं थोडं, पण चार-पाच वेळा खायचं. उग्र वासापासून लांब राहायचं."

नेमकं तेव्हाच पलीकडचं दार उघडलं. गंधकाचा लोट आत आला. तुम्ही रुमाल नाकाला लावलात आणि खोकलात. तिसऱ्या महिन्यात वहिनी याच दाराजवळ बसायची. रोज भिंतीमागं जाऊन ओकून यायची आणि परत येऊन काड्या वेचायची. जागा बदलून मागितली तर तानूआक्का म्हणाली, "समद्यांनाच लांब बसायचंय. जवळ कोण बसंल मग? मी?"

दुसरं चित्र आलं. "चौथ्या-पाचव्या महिन्यात बाळ हलायला लागतं. आता बाळाचं रक्त तुमच्या रक्तातनं बनणार. लोहाची गोळी रोज घ्यायची, जेवल्यावर. चहाबरोबर नाही घ्यायची हं!"

"मॅडम, गोळ्या न्हाईत आल्या," पुढून एकजण म्हणाली. "सिस्टर म्हंतात पुढच्या आठवड्यात या. कवाचा पुढचाच आठवडा चाललाय."

"येतील, येतील. वरून पुरवठा यायचाय." तुम्ही चित्र बदललंत. "आता सातवा, आठवा, नववा. दुपारी दोन तास आडवं व्हायचं, डाव्या कुशीवर."

मागनं आंबूमावशी बोलली. ती आमच्यातली सगळ्यात म्हातारी, आणि तिच्या जिभेला मालकसुद्धा भ्यायचा. "डाव्या कुशीवर व्हय? आन् मालक आमास्नी गादी कुठं घालणार, राशीच्या ह्या अंगाला का त्या?"

सगळं शेड फसकन हसलं. मालकही हसले, कारण तुम्ही हसलात.

"आणि आहार," तुम्ही म्हणालात. "हिरव्या पालेभाज्या, गूळ, शेंगदाणे, मनुके. रात्री मूठभर मनुके भिजत घालायचे, सकाळी पाण्यासकट खायचे. त्यानं रक्त वाढायला मदत होते."

आता कुणी हसलं नाही. सगळ्यांनी आधी राशीकडं बघितलं आणि मग एकमेकींकडं. नुसते डोळेच दिसत होते सगळ्यांचे.

आंबूमावशीनं साळसूदपणे विचारलं, "मॅडम, मनुकं म्हंजे ह्येच न्हवं?"

"मनुका काळी असते मावशी, बी असलेली. पण बेदाणेही चालतात."

"चालत्यात म्हंजे! आमास्नी काय ठावं बाई. आमी कवा चव बघितली न्हाई."

मालकांनी घसा खाकरला. तुम्ही घाईनं शेवटचं चित्र काढलंत, धोक्याची लक्षणं सांगायला. पायावर, तोंडावर सूज. डोकं दुखणं, डोळ्यांपुढं अंधारी. चार पावलं चाललं तरी धाप. जीभ, नखं, पापणी पांढरी पडणं. तुम्ही एकेक सांगत होतात आणि मी वहिनीकडं बघत होते. सुजेनं तिच्या पायाचे घोटे दिसत नव्हते. आदल्या दिवशी हापशावरनं निम्मी कळशी आणताना ती दोनदा खाली बसली होती. तिला वाटायचं पोर अंगानं मोठं आहे म्हणून जड होतंय. "तुमच्या भावावर गेलंय," म्हणायची, "बसल्या जागी गिळतंय."

मी हात वर केला. "मॅडम, माझ्या वहिनीला हे समदं हाय."

वहिनीनं माझा हात खाली ओढला. "गप बसा की वन्सं, उगं तमाशा."

पण तुम्ही उठून आलात. ते मी नाकारत नाही. तुम्ही तिच्या तोंडावरचं फडकं स्वतः खाली केलंत, डोळ्याची खालची पापणी ओढून बघितलीत. आतनं ती चुन्यासारखी पांढरी होती, मलासुद्धा दिसलं. तुम्ही दुसरा डोळा बघितलात. मग तिचा हात उलटा करून नखं बघितलीत, आणि तुमचा चेहरा बदलला.

तुम्ही मालकांना बाजूला घेतलंत. मी मागं गेले.

"हिच्या अंगात रक्त नाहीये. अशी बाळंत झाली तर वाचायची नाही. भरती करून रक्त चढवावं लागेल. सोमवारी केंद्रावर पाठवा, मी चिठ्ठी देते जिल्ह्याच्या दवाखान्याची."

"आत्ताच द्या की चिठ्ठी," मी म्हणाले.

"शिक्का केंद्रावर आहे बाई. सोमवारी या."

"आमची गाडी सोडंल की मॅडम," मालक म्हणाले. "घरच्यासारख्याच आहेत या बायका."

तुम्ही मान हलवलीत. मग मालकांनी फोटोवाल्याला बोलावलं.

आणि तिथं आंबूमावशीनं डाव टाकला. ती पुढं आली, पदर सारखा केला, आणि शेडभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मॅडम, पोरीला सातवा हाय. सासू न्हाई, आई न्हाई. तुमी सवाशीण, शिकल्या-सवरलेल्या. तुमच्या हातानं वटी भरा तिची. फोटू बी चांगला यील."

तुम्ही संकोचलात. "माझ्याकडं काहीच नाहीये आत्ता. तांदूळ नाहीत, नारळ नाही."

"आता एवढी मोठी रास हाय की समोर! मालकाला काय कमी हाय?"

फोटोवाला कॅमेरा लावून उभा होता. मालक काय म्हणणार? "हां हां, भरा की. शुभ काम आहे."

तुम्हाला कदाचित कळलं नसेल मावशी काय करत होती. आम्हाला सगळ्यांना कळलं. दारात पदर झटकून दाखवायचा हा नियम, पण पोटुशीची भरलेली ओटी कुणी उलगडायला लावत नाही. तानूआक्काही लावणार नाही, तीसुद्धा बाईच. ओटीत जे पडेल ते घरी जाणार.

वहिनीनं पदर पसरला. तुम्ही दोन ओंजळी घातल्यात. फोटो निघाला. तुम्ही बाजूला झालात आणि शेडातली एकेक बाई उठली. कुणाला सांगावं लागलं नाही. प्रत्येकीनं मूठ भरली आणि वहिनीच्या पदरात सोडली. मीसुद्धा. तानूआक्का सगळ्यात शेवटी आली. तिनं आधी मालकाकडं बघितलं, मग लहानशी मूठ घातली आणि वहिनीच्या कपाळाला बोट लावलं. पदर ओझ्यानं खाली आला. आंबूमावशीनं त्याची गाठ मारून ती कमरेला खोचून दिली.

वहिनीनं गाठीतनं एक दाणा काढला आणि सगळ्यांच्या देखत तोंडात टाकला. तिथं तीन हंगाम काम करूनही तिनं तो पहिल्यांदा खाल्ला असेल. सावकाश चावला. "वन्सं," ती मला म्हणाली, "गोड हाय गं. मला वाटायचं आंबट आसंल."

तुम्ही ऑफिसात चहाला गेलात. थोड्या वेळानं निघालात. दाराशी टेम्पो आडवा लावलेला होता, म्हणून ड्रायव्हर तुमची गाडी मागं घेऊन वळवत होता. मालक तुम्हाला नमस्कार करून आत आले. गाडीकडं त्यांची पाठ होती.

"तानूआक्का, माल जमा करून घे."

तानूआक्काला कळलं नाही. "कसला माल?"

"तिच्या पदरातला. तीन-चार किलो असंल. निर्यातीचा माल आहे तो."

"मालक, वटी हाय ती," तानूआक्का म्हणाली. "भरल्याली वटी रिती करत्यात व्हय? पोटुशीची?"

"मी भरली का? फोटोपुरतं होतं ते. मला शिकवू नको."

"मी न्हाई हात लावायची."

"मग उद्यापासनं येऊ नको. तू बी, आणि ह्या दोघी बी. ज्या ज्या बाईनं मूठ घातली ती बी. नव्या बायका मिळतात मला, रोज दारात उभ्या असतात."

आंबूमावशी पुढं झाली. "आरं बाबा, तुला बी आईनंच जन्म दिला न्हवं? तिच्या वटीत काय घातलं हुतं तुझ्या बापानं?"

"म्हातारे, तू तर आत्ताच चालायला लाग."

तानूआक्का रडत होती. तिच्या घरात चार खाणारी तोंडं होती आणि नवरा अंथरुणावर. आंबूमावशी फडकं सोडून हातात घेऊन उभी होती. मी काहीतरी बोलणार होते. खरं म्हणजे ओरडणार होते.

तेवढ्यात वहिनीनं कमरेची गाठ सोडली.

ती राशीपाशी गेली. धाप लागली म्हणून मध्ये एकदा थांबली. मग वाकली, आणि पदर झटकला. दारात झटकून दाखवतो तसाच, दोन्ही टोकं धरून. सगळे दाणे राशीवर पडले आणि राशीत मिसळून गेले. दोन-चार दाणे तिच्या पायावर पडले होते, तेही तिनं वेचून टाकले.

"घ्या मालक," ती म्हणाली. "माज्यापायी कुणाची चूल इझवू नगा."

मग ती माझ्यापाशी आली, पाठ फिरवून उभी राहिली आणि म्हणाली, "वन्सं, गाठ मारा." मी तिच्या तोंडाला फडकं बांधलं.

सोमवारी मालकाची गाडी आली नाही. सकाळपासनं वाट बघितली, मग दिनकर, मी आणि वहिनी वडापच्या, माणसं कोंबून नेणाऱ्या जीपनं केंद्रावर गेलो. सिस्टर म्हणाल्या, मॅडम नाहीत, दुसऱ्या गावाला शिबिराला गेल्यात. चिठ्ठी मॅडमच देणार. आम्ही पडवीत बसून राहिलो. ऊन उतरलं तरी तुम्ही आला नाहीत. दिनकर म्हणाला, चिठ्ठीशिवायच जाऊ. दुसऱ्या दिवशी आम्ही जिल्ह्याला गेलो. तिथं म्हणाले, केंद्राची चिठ्ठी आणा, नाहीतर रक्त देणारी दोन माणसं आणा. आम्ही तिघं गावाकडं परतलो आणि दिनकर माणसं गोळा करायला लागला. दोघं तयार झाले. शनिवारी जायचं ठरलं.

शुक्रवारी तिच्या पोटात कळ आली. दिवस भरले नव्हते. जीप मिळेपर्यंत ती घरातच मोकळी झाली. पोर जिवंत होती, मुठीएवढी. वहिनीचं रक्त थांबेना. ज्या बाईच्या अंगात रक्तच नाही असं तुम्ही म्हणाला होतात, तिच्या अंगातनं एवढं कुठनं आलं मला माहीत नाही. जीपमध्ये तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. शुद्ध होती तोवर तिनं एकच विचारलं, "दुपट्यात गुंडाळली न्हवं तिला?" मी म्हणाले, गुंडाळली. गाडी फाट्याला लागायच्या आत ती गेली.

मग तुम्ही चौकशीला आलात. अंगणात बसलात, बायकांना विचारलंत, कशानं झालं? बायका म्हणाल्या, वटी रिती केली म्हणून. तुम्ही तुमच्या माणसाकडं बघून हसलात. ते हसणं मी बघितलं. मला तुम्ही काही विचारलं नाहीत. परवा माईकवर तुम्ही तेच सांगितलंत: बाई अडाणी, बायका अडाणी, ओटी रिती झाली म्हणून मेली म्हणतात, आणि ही अंधश्रद्धा जाईपर्यंत माता वाचायच्या नाहीत.

मॅडम, ओटी रिती केली म्हणून कुणी मरत नाही हे मलाही कळतं. कस्तुरा रक्त नव्हतं म्हणून मेली. मूठभर बेदाण्यांनी ती वाचलीच असती असंही मी म्हणत नाही. तिला दवाखाना पाहिजे होता. पण त्या दिवशी शेडातल्या बायकांनी जे बघितलं त्याला दुसरं नाव त्यांच्याकडं नव्हतं. बाईच्या पोटात जीव आहे, तिला जगवायला पाहिजे, हे सगळ्यांनी मिळून मान्य केलं, आणि तुमची पाठ फिरल्यावर ते काढून घेतलं. त्यालाच त्या ओटी रिती झाली म्हणत होत्या.

पण तुमची पाठ फिरली नव्हती. एवढी वर्षं मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. दिनकरला नाही, आंबूमावशीलाही नाही, कारण मला वाटायचं मी चुकीचं बघितलं असेल.

वहिनी पदर झटकत होती तेव्हा मला तिच्याकडं बघवेना, म्हणून मी दाराकडं बघितलं. तुमची गाडी वळून शेडाच्या तोंडाशी आली होती. काच खाली होती. तुम्ही आत बघत होतात. वहिनीकडं, तिच्या पदराकडं, राशीकडं. मग तुमची आणि माझी नजर एक झाली. मला वाटलं, आता दार उघडेल. मॅडम उतरतील, मालकाला चार शब्द सुनावतील, वहिनीला गाडीत घालून घेऊन जातील. मी मनात म्हणाले सुद्धा, उतरा.

काच वर गेली. गाडी गेली.

परवा तुमच्या कार्यक्रमाला माझ्या शेजारी एक मुलगी बसली होती. तिला पाचवा महिना आहे. गावच्या आशाताईंनी तिला मुद्दाम आणलं होतं, तुमचं मार्गदर्शन मिळावं म्हणून. तुम्ही बेदाण्याच्या शेडवरच्या अडाणी बाईची गोष्ट सांगितलीत तेव्हा तिनं पोटावर हात ठेवला आणि मला विचारलं, "आत्या, ही माझ्या आईचीच गोष्ट सांगतायत का? आई खरंच ऐकत नव्हती?"

मुठीएवढी होती ती. मी वाढवली. तिला मी आजवर खोटं सांगितलं नाही आणि आताही सांगणार नाही. पण ह्या एका प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं नाही. ते तुमच्याकडं आहे. तिच्या समोर येऊन, माईकशिवाय, एकदा सांगा मॅडम:

तुम्हाला दिसलं होतं, तर तुम्ही गाडीतनं खाली का उतरला नाहीत?